मागच्या ओळीतला सहावा

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बायको विमानाच्या शेपटीत शिरली. आधी डोकं, मग हातातला लोखंडी ठोकळा. पाय बाहेर हॉलमध्येच राहिले.

विमान दोन खुर्च्यांचं होतं. सुटे भाग खोक्यांतून आले होते आणि गेले चौदा महिने नवरा पुस्तकात बघून ते जोडत होता. त्याआधी त्यानं उभ्या आयुष्यात एक चपलांचं कपाट जोडलं होतं. त्याचंही एक दार उलटं बसलं होतं.

पत्र्याला पत्रा जोडायचा तर माणसं दोन लागतात. बाहेरचा हवेच्या बंदुकीनं रिव्हेट, म्हणजे बिनआट्यांचा जोडखिळा, ठोकतो, आतला ठोकळा दाबून धरतो. आतल्या बाजूनं रिव्हेटचं टोक नीट चपटलं की नाही, हे ठोकताना आतल्यालाच दिसतं. त्या दणदणाटात बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून पत्र्यावर टिचक्या मारायच्या. एक म्हणजे छान. दोन म्हणजे अजून ठोका. तीन म्हणजे वाईट, काढून टाका.

आत शिरायला नवऱ्यानं पहिल्यांदा तिलाच विचारलं होतं. "त्या नळकांड्यात? मी काय झुरळ आहे?" असं ती म्हणाली होती. मग समोरच्या टेलरबाई आल्या. अंगानं बारीक, हाताला सफाई. चौदा महिने ती स्वयंपाकघरातून टिचक्या ऐकत होती. मधूनच पत्र्याआडून हसणं यायचं. दुसऱ्या खुर्चीत पहिल्यांदा कोण बसणार हे अजून ठरलं नव्हतं. निदान तिला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

आज टेलरबाईंचा खांदा धरला होता.

"जमेल ना गं?" बाहेरून नवऱ्यानं विचारलं.

"त्यांना जमतं, मग मला न जमायला काय धाड भरलीय?"

जमलं. नऊ रिव्हेट बसले, नऊदा तिनं एकेक टिचकी मारली. पंपाच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर तिची एकोणीस वर्षं गेली होती. एका नगाला तीन सेकंद. पास, नाहीतर लाल ठिपका. तिनं लावलेला ठिपका मॅनेजरनंही कधी पुसला नव्हता.

दम घ्यायला तिनं मान वळवली, तसा बॅटरीचा उजेड मागच्या ओळीवर पडला. टेलरबाईंची ओळ. तिनं एकेक टोक निरखून पाहिलं. सगळी सारखी, गोल, एका रेषेत. नाव ठेवायला जागा नव्हती. सहाव्या रिव्हेटशेजारी मार्करनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'इथं शिंकले.'

त्याखाली, नवऱ्याच्या अक्षरात: 'ऐकू आलं.'

तिनं पत्र्यावर तीन टिचक्या मारल्या.

"आता कुठला?" नवरा म्हणाला. "आपण तर थांबलोय."

"मागच्या ओळीतला. सहावा."

"तो टेलरबाईंचा. मी आरसा घालून बघितला होता."

"मग आरशालाच विचारा."

मग तो म्हणाला, "नाही नाही. तू वाईट म्हणतेस म्हणजे वाईटच असणार. तू असताना आरसा कशाला?"

त्यानं खरंच आरसा डब्यात टाकला. तो आवाज तिला ऐकू आला. मग ड्रिल सुरू झालं. रिव्हेट सुटून तिच्या गळ्यापाशी पडला. तिनं तो चिमटीत धरून उजेडात फिरवला. नंबर एक काम. तिनं तो मुठीत दाबला.

त्या जागी नवा बसला, तिचा. एक टिचकी.

इथं थांबता आलं असतं.

"सातवासुद्धा," ती म्हणाली.

"सातवापण? टेलरबाईंचं लक्ष कुठं होतं त्या दिवशी?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

तो हसला. ड्रिल पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी ते सरकलं. पत्र्याला आतून आधार देणारी पट्टी कुरतडत तिरकंच घुसलं. छिद्र लांबट झालं आणि पट्टीच्या काठाला जाऊन भिडलं. "थोडं हललं वाटतं," नवरा म्हणाला, "मोठा रिव्हेट घालतो." त्यानं घातला, ठोकला. तिनं अंगातला सगळा जोर लावून ठोकळा धरला. तरी टोक एका अंगाला लोळलं, आणि त्याच्या बुडापासून काठापर्यंत केसाएवढी चीर गेली.

असा नग टेबलावर आला असता तर तिला एक सेकंदही लागला नसता.

"बाहेरून तर झकास बसलाय," नवरा म्हणाला. "आतून कसाय?"

तिनं चिरेवरून नख फिरवलं. टेलरबाईंचा रिव्हेट होता तेव्हा या जागी काहीच बिघडलेलं नव्हतं. ठीक म्हटलं, तर तो याच शेपटीच्या भरवशावर वर जाणार, शेजारच्या खुर्चीत कुणाला तरी घेऊन.

"अगं, वाईट असेल तर सांग बिनधास्त," तो म्हणाला. "फार तर काय, पट्टी बदलावी लागेल. सगळं उसवायचं आणि परत पहिल्यापासून. दोन-तीन महिने जातील, जाऊ देत. टेलरबाई म्हणाल्यात, खांदा बरा झाला की हवे तितके दिवस येते."

"थांबा," ती म्हणाली. "बघते."

तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. पावणेसहाला ती अजून बघतच होती.