निळ्या काचेसमोरची खोली

खरं सांगायचं तर सातवा पत्ता तो लिहून घेणारच नव्हता. एजंटनेच हात झटकले होते. "लाँड्रीच्या डोक्यावरची खोली आहे. माणूस महिनाभर टिकत नाही, तिथे कुत्रं काय टिकणार?" कागदाच्या कोपऱ्यात जागा होती, म्हणून लिहिला इतकंच. आता दुपारचे तीन वाजले होते आणि वरच्यातले पाच पत्ते खोडून झाले होते. पाचला टेम्पो परत गावाकडे निघणार होता. खोली नाही मिळाली तर मुकादम त्याच टेम्पोतून परत जाणार, असं ठरलं होतं.

मुकादम म्हणजे कुत्रा. तपकिरी, थोराड, एक कान अर्धा. बांधकामावर सावली बघून बसायचा आणि काम करणाऱ्यांकडे डोळे बारीक करून बघत राहायचा, म्हणून हे नाव. त्याला घेऊन खोली शोधणारा हा माणूस काचा बसवणारा. शहरात नवा. तीन महिन्यांसाठी खोली हवी, कुत्र्यासकट, आणि याच रस्त्यावर. पहिल्या चार घरमालकांनी मुकादमचं तोंड बघूनच दार लोटलं. एकाने तर अगदी आदराने सांगितलं, "तुम्ही चालाल. हे चालणार नाहीत."

पाचव्या ठिकाणी मात्र नशीब उघडलं होतं. मागे अंगण, अंगणात नळ, आणि घरमालक म्हणजे कुत्र्यांचा वेडा रिटायर्ड ड्रायव्हर. त्याने मुकादमला बिस्कीट भरवलं, पोट खाजवलं, वर म्हणाला, "याचं भाडं माफ." काचवाल्याने खिडकी उघडली, बाहेर डोकं काढलं. अंगणापलीकडे भिंत होती.

"नको," तो म्हणाला.

रस्त्यावर येताच एजंटचा पारा चढला. "अहो, आयतं ताट समोर आलं आणि तुम्ही पाटावरून उठलात! काय वाईट होतं?"

"खिडकी."

"खिडकीतून काय कुत्रं फिरवायचंय? धंद्याची सवय घरात कशाला आणता?"

सहाव्या खोलीची खिडकी रस्त्यावर होती, पण पहिल्या मजल्यावर. त्याने वर बघत बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली. एजंटने या वेळी कपाळाला नुसता हात लावला. सातव्या पत्त्याकडे चालताना मात्र त्याला राहवलं नाही.

"एकटेच काम करता का हो?"

"जोडीदार आहे. मोठी काच एकट्याने उचलत नाहीत."

"मग कुठेय तो?"

"इथेच. महिना झाला येऊन. त्याची सोय झालीय."

"मग त्याच्यातच घुसा की, भल्या माणसा!"

"तिथे कुत्रं चालत नाही."

"आणि कुत्रं कोणाचं?"

"त्याचंच."

एजंट थांबला. "वा रे दोस्त! आपण मजेत आणि झेंगट तुमच्या गळ्यात."

मुकादमला एक खांब हुंगायचा होता, तेवढा वेळ काचवाला उभा राहिला.

लाँड्रीवाल्या काकू पांढऱ्या चादरींच्या ढिगात कमरेपर्यंत बुडाल्या होत्या. खोली चौथ्या मजल्यावर, गच्चीला लागून. जिन्यात खालची वाफ भरलेली, भिंतींना ओल. चढता चढता काकूंनी स्वतःच खोलीची निंदा सुरू केली.

"आधीच सांगते, नंतर बोंब नको. समोरची इमारत सगळी काचेची. सकाळी आठ वाजले की तिच्यावरचं ऊन सरळ या खिडकीत. मागचा भाडेकरू गॉगल लावून दाढी करायचा."

त्याने खिडकी उघडली. रस्त्यापलीकडे वरपासून खालपर्यंत निळी काच. त्याने मोजलं. चौथा मजला, डावीकडून नववी. पुन्हा मोजलं. बरोबर समोर. मुकादमने पुढचे पाय खिडकीच्या कठड्यावर टेकले.

"पडदा देऊ का एखादा?" काकूंनी विचारलं.

"नको. एखादं जुनं टेबल असेल तर द्या. याला उभं राहायला."

काकूंनी मुकादमला वरपासून खालपर्यंत बघितलं. "भुंकतो का?"

"कामचुकार माणूस दिसला तरच."

"मग माझ्या इस्त्रीवाल्याचं काही खरं नाही," काकू म्हणाल्या. "राहा."

एजंट सुटल्यासारखा खाली पळाला. काचवाल्याने टेम्पोवाल्याला कळवलं, तू निघ, मुकादम राहतोय. मग दुसरा फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलल्यावर आधी एका मशीनची टिकटिक ऐकू आली, मग श्वास, मग आवाज. महिन्यापूर्वी हाच आवाज तीन मजले खालून हाक मारायचा.

"बोल."

"खोली मिळाली."

"मुकादम?"

"खिडकीत आहे. जीभ बाहेर."

"डॉक्टर म्हणाले, अजून तीन महिने. आईलासुद्धा दाराच्या काचेतूनच बघू देतात. तू उगाच आलास रे एवढ्या लांब."

"नर्सला सांग, पलंग खिडकीकडे फिरव म्हणावं. समोर बघ, लाँड्रीच्या वर."

चाकं घासल्याचा आवाज आला. मग कोणीतरी हसल्यासारखं झालं, आणि त्यातच खोकला.

"लठ्ठ झालाय साला," जोडीदार म्हणाला. मग विचारलं, "मी दिसतोय का तुला? हात हलवतोय."

काचवाल्याने नवव्या खिडकीकडे बघितलं. तिच्यात आभाळ होतं, लाँड्रीचं धुराडं होतं आणि एक तपकिरी ठिपका होता.

"नाही. ही काच दिवसा बाहेरून आरसा असते, तुला काय सांगायचं. तू उठलास, झोपलास, बघतोयस की नाही, मला काही कळणार नाही. पण रोज सकाळी आठला ऊन आलं की आम्ही दोघं इथे हजर. तू बाहेर येईपर्यंत एकही खाडा नाही. शब्द देतो."