बिनसबब

पूल मुदतीआधी तयार झाला आणि मुकादम गॉर्डी कुबियाकचा चेहरा पडला.

बाकी सगळ्यांचं नाचायचंच काय ते राहिलं होतं. कंपनीचा मालक स्वतः डोनटची खोकी घेऊन आला होता, पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. विस्कॉन्सिनच्या रस्ते खात्याने हे कंत्राट जरा निराळ्या तऱ्हेने दिलं होतं. रविवारी सूर्य मावळायच्या आत पूल वाहतुकीला खुला करा आणि घसघशीत बक्षीस घ्या. नाही झाला, तर बक्षिसातला छदामही मिळणार नाही. मग पाऊस पडो, नदीला पूर येवो की लोखंड उशिरा येवो. कामगारांनी या कंत्राटाचं नावच 'बिनसबब' पाडलं होतं. आज शनिवारची सकाळ होती, आणि रस्त्यावरचा शेवटचा पिवळा पट्टाही रंगवून झाला होता.

जुनी कंत्राटं अशी नव्हती. सबब पटवून दिली की खातं दिवस वाढवून द्यायचं, आणि गॉर्डी त्यातला वस्ताद. त्याने लिहिलेला पाऊस वाचताना कचेरीतल्या साहेबाला छत्री शोधावीशी वाटे. घरीही तेच. लेकीचं, डॅनाचं, शाळेतलं नाटक होतं, तेव्हा क्रेन बिघडली. चर्चमध्ये तिच्या पहिल्या कम्युनियनचा विधी होता, त्या दिवशी नेमकं काँक्रीट ओतायचं होतं. पदवी मिळाली त्या दिवशी पूर. यातली एकही सबब खोटी नव्हती, हेच तर वाईट. बायको, लोइस, कधीच कंटाळून लेकीला घेऊन नदीपलीकडे माहेरी राहायला गेली होती.

त्याच पलीकडच्या गावात, आज दुपारी, डॅनाचं लग्न होतं. महिन्यापूर्वी तिने फोन केला होता. "बाबा, चर्चमध्ये माझा हात धरून तूच नेशील ना मला?"

"पुलाचं बघून सांगतो," असं तो म्हणाला होता, आणि मग सांगितलंच नव्हतं. काम रविवारपर्यंत रेटत जाईल आणि आपली सुटका होईल, असं तो मनाशी धरून बसला होता. पण काम समोर दिसलं की हात आखडता घेणं त्याला उभ्या जन्मात जमलं नव्हतं. स्वतःच्या हाताने त्याने स्वतःची पंचाईत करून घेतली होती.

खात्याची निरीक्षक व्हर्ना कठड्याचे बोल्ट तपासत तपासत त्याच्यापाशी आली. वर्षानुवर्षं तिने गॉर्डीच्या सबबी वाचल्या होत्या, त्यातल्या निम्म्या परत धाडल्या होत्या. तरी या माणसावर तिचा फार जीव होता.

"काय रे, बक्षीस मिळालंय की घरात कुणी गेलंय? आणि लग्नाला कधी निघणार?"

"गुडघा दुखतोय."

"नामंजूर. सकाळपासून शिडीवर चढ-उतार करतोयस."

"अजून ही वाहतूक अडवायला लावलेली नारिंगी पिंपं हलवायचीत रस्त्यातून."

"नामंजूर. पोरं हलवतील."

"अगं, पण अंगावर घालायला काही..."

"ट्रकमध्ये सूट लटकतोय तुझा, धोब्याच्या पिशवीसकट. मी काय आंधळी आहे? नामंजूर!"

गॉर्डीने टोपी काढली, परत घातली. नदीकडे बघत राहिला.

"व्हर्ना, ती माझा हात धरेल ना, तेव्हा बाकांवरचा एकेक माणूस मनात मोजत असेल, हा बाप कितीदा आला नव्हता ते. कुठल्या तोंडाने जाऊ? भीती वाटते गं मला."

 व्हर्नाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ही सबब मंजूर," ती म्हणाली. "पण काय करणार, या कंत्राटात मंजूर सबबीलासुद्धा मुदतवाढ नाही. नीघ आता."

आणि तिने स्वतःच पहिलं पिंप बाजूला ओढलं.

नव्या पुलावरून पहिली गाडी गॉर्डीचीच गेली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, त्या त्याला ऐकूसुद्धा आल्या नाहीत.

चर्चच्या मागच्या खोलीत लोइस डॅनाच्या केसांत फुलं खोवत होती. दार वाजलं. सुटात अवघडलेला, नखांत अजून पिवळा रंग असलेला गॉर्डी उंबऱ्यात उभा. लोइसच्या हातातलं फूल हातातच राहिलं. डॅनाने वळून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे देवा! आता लोकांना काय सांगू मी?"

गॉर्डी एक पाऊल मागे सरला. वाटेत ज्याची भीती वाटत होती तेच झालं होतं. "दुसरं कुणी ठरवलं असशील तर... मी मागच्या बाकावर बसतो, बाळा. नाहीतर जातो."

"जातो काय, जातो! गप उभा राहा तिथे." ती झगा सावरत धावत आली आणि तिने त्याची बाही घट्ट धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. "सगळ्यांना सांगून बसलेय मी, की पुलाचं काँक्रीट अजून वाळलं नाही, म्हणून बाबाला येता येत नाही. मी एकटीच चालत जाणार होते. दर वेळी तू सबब पाठवायचास, ती तरी सांगायचे मी लोकांना. या खेपेला तू पाठवलीच नाहीस रे. मग मलाच खोटी बनवावी लागली."