सोमवारचं सांबार

तूप नको म्हणून दोनदा बजावूनही ‘शुद्ध शाकाहारी’ हॉटेलातल्या वाढप्याने सवयीने चिनूच्या भातावर तुपाची धार सोडलीच. शर्वरी लेकीला कडेवर घेऊन तशीच बाहेर पडली. दुधातुपाचा थेंब जरी पोटात गेला, तरी सहा वर्षांच्या चिनूचा गळा सुजायचा.

त्या परक्या किनाऱ्यावर आता एक मासळीची खानावळच उघडी होती. जन्मात मासळी न शिवलेली शर्वरी नाकाला ओढणी लावून दारात उभी राहिली. “हिला दूध-तूप अजिबात चालत नाही. मासळीशिवाय काही मिळेल?” तिने विचारलं.

“आज सोमवार. मी मासे खाणंय नाय,” खानावळवाली म्हणाली. “माझ्यापुरतं काळ्या वाटाण्याचं सांबार वेगळ्या टोपात केलंय. नुसतं नारळाचं वाटप. तूप आमी खंय घालतंव?”

चिनूने भाकरी सांबारात बुडवली. गळा सुजलाच तर लगेच टोचायचं इंजेक्शन मुठीत आवळून शर्वरी तिच्या ओठांकडे बघत राहिली. अचानक चिनू खोकली. शर्वरी ताडकन उठली.

“तिखट आहे गं, आई! पण अजून हवंय.”

शर्वरी पुन्हा खाली बसली. खानावळवालीने तिची आवळलेली मूठ हळूच सोडवली, इंजेक्शन बाजूला ठेवलं आणि त्या हातावर स्वतःच्या वाटणीची भाकरी ठेवली.