कुंकवाखालचं नाव

"दुकानाचे पैसे ऑनलाइन घ्यायला कोणता पेमेंट गेटवे घ्यायचा, ते मालकाला ठरवू दे," श्रीपादराव बायकोला म्हणाले. "तू आपली लोणच्याच्या फोडी कर."

वैजयंतीने विळी पुढे ओढली. परगावच्या गिऱ्हाइकांना पैसे भरताना मराठी वाचता यावं, एवढंच तिने सुचवलं होतं.

लेक गेटवेचा अर्ज भरत होती. "बाबा, दुकानाच्या गुमास्ता परवान्यावरचं मालकाचं नाव जसंच्या तसं हवंय."

परवाना देवांच्या तसबिरींशेजारी टांगलेला होता. दुकानाची सगळी कागदपत्रं मामंजी, म्हणजे अण्णा, पाहत. ते चैत्रात गेले. दर दसऱ्याला वैजयंती त्या काचेवर हळदकुंकू वाही. वीस वर्षांचा तो थर पदराने पुसताना तिचा हात थबकला.

मालक : सौ. वैजयंती श्रीपाद केळुसकर.

इतकी वर्षं तिने स्वतःच्याच नावावर कुंकू वाहिलं होतं, त्यालाच हात जोडले होते.

"अण्णा मला हे कधी बोलले नाहीत," श्रीपादराव पुटपुटले.

लेक आईकडे वळली. "मग कोणता घ्यायचा, मालक?"

"मराठीतला," वैजयंती म्हणाली. स्वतःचा तो आवाज तिने आजवर कधी ऐकला नव्हता.