रविवारची गोळी

सिंधुबाईंच्या तोंडात पेजेचा घोट जाईना. जीभ, गाल, सगळं फोडांनी भरलेलं. अंगात ताप. सून निकिता चमचा घेऊन बसली होती आणि सावळाराम दारातून तिचे हात न्याहाळत होते.

त्यांच्या मनात पाल केव्हाच चुकचुकली होती. संधिवातानं बायकोची बोटं वाकडी झाली, बारामतीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि त्या निकितानं कपाटात कुलूप लावून ठेवल्या. रविवारी तेवढी एक काढून द्यायची. बायको रोज कण्हणार आणि गोळी रविवारी! विचारलं तर म्हणायची, "तात्या, डॉक्टरांनी तसंच सांगितलंया." मुलगा दिग्विजय बायकोचीच री ओढायचा.

शेवटी सावळारामांनी गोळ्यांचं रिकामं पाकीट नेऊन इंदापुरातनं तीच गोळी आणली. रोज सकाळी निकिता गोठ्यात गेली की ते सिंधुबाईंना चहाबरोबर द्यायचे. "सुनंला बोलू नगंस," एवढं बजावायचे.

आणि आता हे फोड. आपण औषध देतोय, सून जेवणातनं विष घालतेय, याबद्दल त्यांना शंकाच उरली नाही. निरवांगीहून बारामतीला गाडी निघायच्या आधी त्यांनी दिग्विजयला बाजूला घेतलं. "तुज्या बायकोवर ध्यान ठेव. तिनंच हिला कायतरी घातलंया."

बारामतीत डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"या आजारात रोगाशी लढणाऱ्या पेशीच आपल्या सांध्यांवर उलटतात. ही गोळी त्यांना आवरते. म्हणून ती आठवड्यातून एकदाच. रोज दिली तर त्या पेशी नव्या तयारच होत नाहीत. आजींच्या रक्तात त्या जवळपास संपल्यात. तोंडातले फोड आणि ताप या रोजच्या गोळीमुळंच. वेळेत आणलंत, उतारा देतो, सुधारतील. पण रोज गोळी दिली कुणी?"

दिग्विजय निकिताकडं वळला. "कपाटाची किल्ली तुज्याकडंच असती ना? खरं सांग."

"अहो, मी रविवारीच..."

सावळाराम गप्प राहिले असते तरी त्यांच्यावर कुणाचा संशय आला नसता. खाटेवरून सिंधुबाई त्यांच्याकडंच बघत होत्या. फोडांमुळं त्यांना बोलता येत नव्हतं.

"तिला काय इचारतोस पोरा," ते म्हणाले. "इख मी घातलंया."