तलवार ओढायचं वय

तळव्याला दोरा लागला तेव्हा विश्वजीत जागाच होता. दुपारची वेळ. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि घोरायला सुरुवात केली. अज्जा, म्हणजे त्याचे आजोबा वेंकोजीराव, वाकून त्याचं पाऊल मापत होते. टाचेपासून अंगठ्यापर्यंत. मग दोऱ्याला गाठ मारून ते चोरपावलांनी निघून गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाची चोरपावलं शेजारच्या घरातही ऐकू जातात.

"बूट," संध्याकाळी पद्मनाभनं निदान केलं. "तुला लष्करात धाडतायत. आधी बूट येणार, मग त्यात तू."

पद्मनाभ आणि विश्वजीत मिळून एक संघटना होती. म्हैसूरच्या आसपास कुठंही भरती मेळावा लागला की फाटकाबाहेर उभं राहून दोघं पत्रकं वाटत. वर मोठ्या अक्षरांत 'लष्करातल्या चार वर्षांनी काय?' आणि खाली भरतीशिवायच्या अकरा वाटा. आयटीआय, नर्सिंग, हेब्बाळच्या कारखान्यात अप्रेंटिसशिप, असं. मागच्या मेळाव्यात तिघांनी पत्रक वाचलं, एकानं त्यात भजी गुंडाळली. तिघांतला एक खरंच नर्सिंगला गेला. संघटनेचा तो आजवरचा सर्वांत मोठा विजय होता.

आता त्याच संघटनेचे निम्मे सभासद भरती व्हायच्या बेतात होते.

पुरावे वाढत गेले. मंगळवारी कपाटातलं मार्क्स कार्ड गायब. बुधवारी आधार कार्ड. गुरुवारी अज्जा स्वतःहून म्हणाले, "कॉफी पितोस का रे, राजा?" वीस वर्षांत त्यांनी त्याला राजा म्हटलं नव्हतं. विश्वजीतनं कॉफी आधी मांजरासमोर ठेवली. मांजरानं हुंगून तोंड फिरवलं. संशय पक्का झाला.

भीतीला कारण होतं. हे घराणं जुन्या म्हैसूरच्या मराठा घोडेस्वारांचं. गल्लीत सगळे 'तलवारीचं घर' म्हणत. मुलाला विसावं लागलं की आयुधपूजेला घरातला सर्वांत मोठा पुरुष त्याला देवघरात नेई, दार लावून घेई, आणि मुलगा म्यानातून तलवार ओढे. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा भलता गंभीर असे. मग तो भरतीला जाई. बाबा गेले होते, पण नजर कमी निघाली. काका गेला, तर एक कान बाद. बन्नूरच्या बसची पाटी बाबा अजूनही चौकातून वाचतात आणि काकाला स्वयंपाकघरातली कुजबुज गच्चीवर ऐकू येते, ते सोडा. लष्कराचे निकष कडक असतात, सपाट तळपायसुद्धा चालत नाहीत, असं घरात सांगत. विश्वजीतचं मात्र सगळं शाबूत होतं. दुर्दैवानं दातसुद्धा.

आयुधपूजेची सकाळ उजाडली. बाबांच्या स्कूटरला झेंडूचा हार पडला, काकाच्या शिलाई मशीनला कुंकू लागलं. देवघरात पाटावर तलवार होती. शेजारी, दरवर्षीसारखा, अज्जीचा, म्हणजे नर्मदाबाईंचा, नारळ फोडायचा कोयता. अज्जीचा कोयता तलवारीच्या मांडीला मांडी लावून का बसतो, हे कुणी विचारत नसे. म्यानावर एक जाड पाकीट ठेवलेलं होतं.

अज्जांनी दार लावलं. विश्वजीतनं भाषण पाठ केलं होतं. मुद्दे सात होते. त्यातला एकच तोंडातून निघाला.

"अज्जा, मी त्या भरतीच्या फॉर्मवर सही करणार नाही. घरातनं काढलंत तरी नाही."

"सुम्ने बस, गप," वेंकोजीराव म्हणाले. "आधी ओढ."

त्यानं मूठ धरली आणि सगळा राग मनगटात आणून ओढली. समईवर आडवा होता होता वाचला. हातात नुसती मूठ होती. त्यानं म्यान उलटं करून झटकलं. एक झुरळ पडलं. तेही मेलेलं.

"पातं कुठंय?"

वेंकोजीरावांनी कोयत्याकडं बोट केलं.

"माझ्या अज्जाचा भाऊ लढाईला गेला. त्याचा पटका तेवढा घरी आला. अज्जानं पातं काढलं, बन्नूरच्या लोहाराकडं नेलं. ऊस तोडायला कोयता कर म्हणाला. त्यानंतर ह्या घरातनं कोणी गेलं नाही."

"पण बाबा भरतीला..."

"बन्नूरला आत्याकडं चार दिवस राहून आला. ऊस खाऊन."

विश्वजीतनं पाकीट उघडलं. आत हेब्बाळच्या एका कारखान्याचा अप्रेंटिसचा फॉर्म होता. त्याच्याच पत्रकातली तिसरी वाट. मार्क्स कार्ड, आधार कार्ड, आणि अज्जांच्या थरथरत्या अक्षरात एक ओळ भरलेली : सेफ्टी बुटाचा नंबर, आठ.

"अकरा वाटा छापल्यास," अज्जा म्हणाले. "एकीवर तरी पाय टाकलास काय?"

विश्वजीतनं खाली बसून सही केली.

बाहेरून अज्जीनं दार ठोठावलं. "आयतु का? झालं का? नारळ खोळंबलाय. माझा कोयता द्या."

विश्वजीतनं कोयता उचलला. दोन्ही हातांनी. दाराशी गेल्यावर मात्र तो थबकला. गल्लीतले चारसहा जण अंगणात प्रसादाला थांबले होते, आणि तलवारीच्या घरचा मुलगा केव्हा निघणार हे विचारल्याशिवाय त्यांच्या घशाखाली प्रसाद उतरणार नव्हता.

"त्यांना काय सांगू, अज्जा?"

वेंकोजीरावांनी मूठ पुन्हा म्यानावर बसवली आणि वर एक फूल ठेवलं.

"आधी चेहरा गंभीर कर. नजर तुझ्या बाबानं घेतली, कान काकानं. तुला तळपाय उरलेत. आजपासून सपाट."