चूक लिहून द्या

"चूक झाली, एवढंच लिहून द्या मला. सही-शिक्क्यानिशी!" दंतवैद्याने चोवीस वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला कागद टेबलावर आपटला.

करिअर मार्गदर्शन करणाऱ्या बाईंनी चष्मा चढवला. कागदावर त्यांचीच सही होती आणि वर शेरा: दंतवैद्यक घ्यावे.

चिडू नये तर काय करावं माणसानं? सतराव्या वर्षी दोनशे प्रश्नांची कलचाचणी दिली आणि त्या एका ओळीपायी नकाशे काढायची हौस असलेला मुलगा जन्मभर लोकांच्या दाढा उपटत बसला. आता त्याला दवाखाना विकायचा होता. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं. आणि घरी बायको म्हणत होती, "चांगलं चाललेलं कोणी मोडतं का? तुमचं कधी काही नक्की असतं का हो?"

"तुमचा कागद दाखवला की तिचं तोंड बंद होईल," तो म्हणाला.

"सोडायचं तर सोडा ना, डॉक्टर. त्याला माझा कागद कशाला?"

"वा! म्हणजे सल्ला तुमचा आणि खापर माझ्या डोक्यावर!" त्याचा आवाज चढला. "फसवणूक आहे ही. पुरावा आहे माझ्याकडे. बाकावर माझ्या शेजारी माझा मित्र होता. मला रक्त बघून घेरी यायची, तो बेडूक कापायला सगळ्यांच्या पुढे. आणि दोघांचा निकाल? गुणांसकट एकच! त्याचे आज दोन दवाखाने आहेत, मजेत आहे तो. मी मात्र रोज सकाळी कुलूप न उघडता दहा मिनिटं दाराशी उभा असतो. सरसकट एकच निकाल वाटलात तुम्ही!"

बाईंनी उठून कपाट उघडलं.

"इथलं काही टाकत नाही मी," त्या म्हणाल्या. त्या वर्षाचा गठ्ठा सोडून त्यांनी त्याची उत्तरपत्रिका शोधली. बराच वेळ वाचली.

"बघाच नीट," तो म्हणाला. "आणि मग लिहा."

बाईंनी उत्तरपत्रिका त्याच्यापुढे सरकवली, स्वतःपुढे कोरा कागद घेतला आणि पेनाचं टोपण काढलं.

"काय लिहू? तुम्हीच सांगा."

उत्तरपत्रिकेवर, नावाच्या रकान्यात, त्याच्याच अक्षरात आधी मित्राचं नाव लिहिलेलं होतं. ते खोडून वर त्याने स्वतःचं घातलं होतं.